ॲपनं ‘सी’ ग्रेड दिलाय, माझी टीम खरंच एवढी वाईट आहे का?

प्रश्न: ताई, आम्ही दहा जण मिळून एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉलची, फँटसी लीग खेळतो, सगळे विश्रामबागेतलेच, पैसे वगैरे काही नाही, जो शेवटचा येईल त्यानं सगळ्यांना भडंग खायला घालायची एवढंच. आपण निवडलेल्या खेळाडूंचे खऱ्या सामन्यातले आकडे मोजायच्या नऊ कॅटेगरी आहेत आणि दर आठवड्याला एकेकाशी गाठ पडते. 2025-26 च्या सीझनचा ड्राफ्ट रविवारी झाला, म्हणजे आळीपाळीनं एकेक खेळाडू निवडायचा, तेरा राऊंड. माझ्याकडे पहिल्या राऊंडला यानिस आला, त्याचे फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतरचे मोकळे शॉट, कच्चे म्हणून दुसऱ्याला स्टीफन करी घेतला, मग अमेन थॉम्पसन, डायसन डॅनियल्स, डीरोझन, गोबेअर असं करत गेलो, आठव्या राऊंडला हॅलिबर्टन दिसला, एवढं मोठं नाव कसं सोडायचं म्हणून तोपण घेतला. ड्राफ्ट संपल्या संपल्या ॲपनं ‘सी’ ग्रेड दिला. तेव्हापासून ग्रुपवर लई चिडवतायत. सीझनच्या आधी सगळी टीम ट्रेड, म्हणजे दुसऱ्यांशी अदलाबदल, करून टाकू का? झोप लागंना झालीय.
– एक वाचक, सांगली

उत्तर: आधी शांत हो आणि आठवडाभर एकपण ट्रेड करू नकोस. तुझी टीम वाईट नाहीये. चुका दोन आहेत, त्या सांगते, पण त्या आधी ग्रेडचं बघू.

ॲप साधारण काय करतं, तर प्रत्येक खेळाडूचा यंदाचा अंदाज धरतं, नऊच्या नऊ कॅटेगरीत तुझी टीम कुठे बसते ते काढतं आणि त्याची सरासरी मारतं. म्हणजे एका कॅटेगरीत तू दहावा असलास की ग्रेड खाली येतो. पण तुला आठवडा जिंकायला नऊपैकी पाच लागतात, नऊ नाही. फ्री थ्रोमध्ये तू नववा आलास काय आणि दहावा आलास काय, हार एकच. हे त्या ग्रेडमध्ये दिसत नाही, आणि मला विचारशील तर ड्राफ्ट तपासताना हेच सगळ्यात आधी बघायचं असतं.

आता वही घे. मोबाईलवर नको, वहीच घे, उभे नऊ रकाने पाड आणि तेरा नावं आडवी लिही. मी दरवर्षी हेच करते, तासभर जातो पण टीम डोळ्यासमोर उभी राहते.

फ्री थ्रोच्या रकान्यापासून सुरू कर. यानिस गेल्या सीझनला, म्हणजे 2024-25 मध्ये, सामन्याला दहाच्या वर फ्री थ्रो मारत होता आणि आत जात होते साधारण 62 टक्के. करी त्याच सीझनला अख्ख्या लीगमध्ये पहिला होता, 93 टक्के, पण तो मारतो किती, तर सामन्याला चारेक. आता बेरीज कर, यानिसचे दहातले सहा, करीचे चारातले पावणेचार धर, चौदातले पावणेदहा झाले, म्हणजे 70 टक्क्यांच्या आसपास. एवढा मोठा पिक, म्हणजे निवडायची पाळी, खर्चून भोक बुजलं नाही ते नाहीच, आणि वर गोबेअर आहे, अमेन आहे, डॅनियल्स आहे, तिघंही फ्री थ्रोला कच्चे. टक्केवारीच्या कॅटेगरीत नुसती टक्केवारी बघून चालत नाही, किती वेळा मारतो ते बघावं लागतं. ही तुझी पहिली चूक, आणि ही खूप जणांची होते.

पण तोच हिशोब फील्ड गोलला, म्हणजे चालू खेळातल्या शॉटना, लावून बघ. यानिस वीसेक शॉट मारतो, 60 टक्के आत. करी अठराएक मारतो, 45 टक्के धर. दोघांचे मिळून अडतीसातले वीस, म्हणजे 52 टक्क्यांच्या वर, आणि मग गोबेअर येतो ज्याचे तीनातले दोन आत जातात. इथे तुला कुणी हात लावत नाही. स्टीलचं, म्हणजे समोरच्याकडून बॉल काढून घेण्याचं, बघ, डॅनियल्सनं गेल्या सीझनला 229 स्टील मारले, सामन्याला तीन, जोडीला अमेन. रिबाउंडला, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडायला, यानिस आणि गोबेअर. ह्या तीन कॅटेगरी तुझ्या खिशात आहेत असं धरून चाल. पॉइंट आणि असिस्ट, म्हणजे ज्यावर बास्केट होते ते पास, घासून होतील. ब्लॉकला, म्हणजे समोरच्याचा शॉट अडवायला, एक माणूस कमी पडतोय.

म्हणून फ्री थ्रो सोडून दे. पंट म्हणतात ना, तेच. एकदा मनापासून सोडलंस की डीरोझनची तुला तेवढी गरज राहत नाही, कारण तो पॉइंट देतो आणि फ्री थ्रो चांगले मारतो, पण थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट, आणि ब्लॉक फारसे नाहीत. ज्याची टीम फ्री थ्रोवर उभी आहे त्याला तो हवाच असणार. बदल्यात वॉकर केसलर माग. सामन्याला दोनच्या वर ब्लॉक, फील्ड गोल 66 टक्के, आणि फ्री थ्रो निम्मेच आत जातात म्हणून बाकीच्यांना तो नकोसा असतो. तुला चालतो! तुझ्यासाठी त्याचं मोल दुसऱ्यांपेक्षा दोन राऊंड जास्त आहे. पण हा ट्रेडपण पहिले दोन आठवडे गेल्यावर, जो फ्री थ्रोची कॅटेगरी थोडक्यात हरतोय त्याच्याकडे जा, तेव्हा तो स्वतःहून ऐकेल.

करीला ठेव. फ्री थ्रोसाठी घेतलास ते चुकलं, पण सामन्याला चारच्या वर थ्री मारणारा माणूस टीममध्ये असला की ती कॅटेगरीपण अधूनमधून हाताला लागते.

दुसरी चूक हॅलिबर्टन. जून 2025 मध्ये फायनलच्या सातव्या सामन्यात त्याची टाच गेली, अकिलीस, आणि त्याच्या इंडियाना टीमनं जुलैमध्येच सांगून टाकलं की तो 2025-26 चा सीझन खेळणार नाही. तुमच्या लीगमध्ये पुढच्या वर्षीसाठी खेळाडू ठेवता येत नसेल तर त्याला आजच सोड. वाईट वाटतं, मलापण वाटतं, इतका सुंदर पास देणारा दुसरा नाही, पण आठव्या राऊंडची जागा रिकामी ठेवून कसं चालेल. ड्राफ्टमध्ये जे कुणीच घेतले नाहीत त्यातून एखादा असिस्टवाला घे, तिथेच तू घासून आहेस.

सामने 22 ऑक्टोबर 2025 ला आपल्या पहाटे पाचला सुरू होतायत, पाडव्याच्या दिवशी, आणि पहिलाच सामना अमेनच्या ह्यूस्टनचा आहे ओक्लाहोमाशी. अभ्यंगस्नान उरकून बघ.

प्रश्न: मी पहिल्या पिकला वेम्बन्यामा घेतला. गेल्या सीझनला तो 82 पैकी 46 सामनेच खेळला, धोका जास्त घेतला का?
– एक शिक्षक, सातारा

उत्तर: नाही सर, बरोबर घेतलात. सामन्याला 3.8 ब्लॉक देणारा दुसरा कोणी नाही, तो एकटा तुमची कॅटेगरी ओढून नेतो. फेब्रुवारी 2025 मध्ये खांद्यात रक्ताची गाठ झाली म्हणून सीझन संपला होता, जुलैमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली. ड्राफ्ट तपासायचा तर त्याला नका तपासू, बाकीच्या सगळ्यांचे गेल्या सीझनचे सामने एका कागदावर लिहा. डॅनियल्स 76 खेळला, डीरोझन 77, असे किमान सहा-सात तरी तुमच्याकडे पाहिजेत. बाकीचेपण पन्नास-साठवालेच असतील तर मार्चमध्ये, जेव्हा फँटसी लीगचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, असतात, तेव्हा बेंचवर माणूस उरत नाही. तसं असेल तर शेवटचे दोन पिक बदला, नाव छोटं चालेल, रोज मैदानात उतरणारा पाहिजे.

आणि लाइनअप, म्हणजे त्या दिवशी कुणाला उतरवायचं ते, रात्री झोपायच्या आधी लावत जा. नोव्हेंबर लागेपर्यंत सामने पहाटे साडेचारपासून सुरू होतात, नंतर अमेरिकेत घड्याळं मागे गेली की साडेपाच. शाळेच्या गडबडीत सकाळी सातला उघडून बघाल तर निम्मे खेळून झालेले असतात.