ठोके शंभरावर, तरी चालायचं?

हृदय प्रत्यारोपण करून गोव्यात परतलेल्यांच्या घरून एकच काळजी वारंवार कानावर येते: नुसतं बसलं तरी ठोके शंभर, अशात व्यायामाला कसं पाठवायचं? डिचोलीकडच्या एका निवृत्त गुरुजींच्या पत्नीने तर दिवसभराच्या ठोक्यांची वहीच घातली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

"चालताना 102 आणि खुर्चीत बसल्यावर 118! उलटंच सगळं," काकू म्हणाल्या.

"उलटं नाही, उशिरा," मी म्हटलं.

शस्त्रक्रियेत हृदयाकडे जाणारे मज्जातंतू कापले जातात. ठोक्यांना लगाम घालणारा तंतू तुटल्याने बसल्या जागी 90 ते 110 ठोके पडणं नेहमीचंच. श्रमाचा निरोप मग रक्तातल्या ॲड्रिनलिन या संप्रेरकामार्फत पोचतो, त्याला काही मिनिटं लागतात. म्हणून ठोके सावकाश वाढतात, थांबल्यावरही चढतात, उतरायलाही वेळ घेतात.

दोघांनी माना डोलावल्या, भीती मात्र जागची हलली नाही. समजावून भीती फारशी जात नाही, अंगाला अनुभव आला की जाते, हे माझं ठाम मत. प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांची चालण्याला परवानगी होतीच. बोटाला लावून ठोके दाखवणारा ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये ठेवायला लावला. गुरुजी भजनातले.

"पडवीत चाला आणि आरती म्हणा."

सावकाश चालताना आरती सहज निघाली. वेग वाढवला तसा सूर तुटू लागला.

"बोलता येतं, पण सूर धरवत नाही."

"हाच तुमचा वेग."

काकूंची नजर तेव्हा प्रथमच त्यांच्या बोटावरून चेहऱ्याकडे गेली. "अहो, तुम्ही हसताय!" माझ्या लेखी खरं पुनर्वसन त्या मिनिटाला सुरू झालं, आणि त्याचं समाधान मला आजही आहे.

श्रम किती वाटतात हे सांगणाऱ्या 6 (काहीच नाही) ते 20 (कमाल) या मोजपट्टीवर हा वेग साधारण 11 ते 13 वर येतो. आधी 10 मिनिटं अगदी संथ चालणं, मग या वेगाने 5 मिनिटांपासून वाढवत 20 ते 30, शेवटी पुन्हा 10 मिनिटं संथ. शेवटचा टप्पा लोक हमखास गाळतात. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, नवं हृदय चटकन सावरून घेत नाही आणि चक्कर येते. शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या स्टेरॉइडमुळे मांड्या बारीक होतात, हाडंही ठिसूळ होतात. म्हणून हात न टेकता खुर्चीतून 8 ते 10 वेळा उठबस हवीच. छातीचं हाड सांधेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, भरलेली कळशी किंवा गॅस सिलिंडर उचलायचा नाही. पावसाळ्यात घरातच चाला. कुळागरातली, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतली, कुजलेली पानं, ओली माती उपसणं दुसऱ्यांवर सोपवा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे बुरशीचा संसर्ग या रुग्णांना महागात पडतो.

तंतू तुटल्याने छातीत दुखण्याची सूचना मिळेलच असं नाही. त्यामुळे 'दुखत तर नाही' यावर विसंबू नका. रोजच्याच चालीला धाप लागली, ताप आला, पाय सुजले, ठोके अनियमित वाटले किंवा एक-दोन दिवसांत वजन किलो-दीड किलोने वाढलं, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन करा. शरीर हृदय नाकारत असल्याचं बायोप्सीत (हृदयाचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) दिसलं, तर डॉक्टर सांगेपर्यंत व्यायाम बंद.