प्लंबरच्या कामात पुढे काही होतं का? मामांच्या हाताखाली जाऊ की आयटीआय करू?

बारावी झाली आहे, मामा साताऱ्यात प्लंबर आहेत, त्यांच्या हाताखाली जाऊ की आयटीआय करू, आणि या धंद्यात पुढे काही होतं का, असं तू विचारलंयस. मी २००३ पासून पुण्यात हेच काम करतोय. वयानं बराच मोठा असणार, म्हणून तूच म्हणतो.

आधी आयटीआय कर. प्लंबरचा कोर्स एकाच वर्षाचा आहे. मी तो केला नाही आणि त्याची किंमत मोजली. नव्या नळजोडणीच्या कागदांवर परवानाधारक प्लंबरची सही लागते. माझ्याकडे कागदच नव्हता, त्यामुळे खोदण्यापासून जोडण्यापर्यंत काम माझं आणि सही दुसऱ्याची, असं कितीतरी वर्षं चाललं. हॉस्पिटल, हॉटेल, कारखाना यांच्या मेंटेनन्सला लागायचं असेल किंवा आखातात जायचं असेल, तरी आधी प्रमाणपत्रच मागतात. सुट्टीच्या दिवशी मामांबरोबर जातच राहा, कारण हात तिथेच बसतो.

माझे उस्ताद ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातले. देशभरात कुठल्याही मोठ्या साइटवर जा, तिकडचे प्लंबर भेटतील. त्या जिल्ह्यात पट्टामुंडाईला तर प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. उस्तादांनी मला पहिले सात-आठ महिने पाना धरू दिला नाही. पाइपांसाठी भिंतीला झिऱ्या, म्हणजे खाचा मारायच्या, पाइप वर चढवायचे, जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांना आटे पाडायचे, जोड गळू नये म्हणून सफेदा-धागा लावायचा. रोज १२० रुपये. तेव्हा राग यायचा. पण त्या महिन्यांत मी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघायला शिकलो, आणि आज त्याच्यावरच जगतो.

एक प्रसंग सांगतो. स्वतंत्र कामं घ्यायला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी एका फ्लॅटच्या बाथरूमचं कन्सील काम, म्हणजे भिंतीच्या आतून पाइप टाकायचं काम केलं. टाइलवाला दारात उभा होता, मालक घाई करत होते, म्हणून प्रेशर टेस्ट न करताच भिंत बंद करू दिली. सीपीव्हीसीचं, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपांचं काम करताना आपण माप बघायला पाइप फिटिंगमध्ये (जोडाच्या तुकड्यात) आधी सुकाच बसवतो, मग काढून सॉल्व्हंट, म्हणजे चिकटवायचं द्रावण लावतो. त्या दिवशी एका एल्बोला (वळणाच्या जोडाला) सॉल्व्हंट लावायचं राहिलं. सुका जॉइंट इतका घट्ट बसला होता की चार महिने दगा दिला नाही. मग खालच्या घराच्या छताला ओल आली. टाइल फोडून, सगळं परत करून माझ्या खिशातले १४ हजार गेले, आणि माझ्याकडून काम करून घेतलेल्या फ्लॅटच्या बाईंनी रडवेल्या आवाजात विचारलं, "दादा, तुमच्यावर विश्वास ठेवला ना?" ते पैशांपेक्षा जास्त लागलं. तेव्हापासून पाइपांत पंपानं दाब भरून, दाब दाखवणाऱ्या काट्यावर खूण करून रात्रभर ठेवल्याशिवाय मी एकही भिंत बंद करू देत नाही. टाइलवाला थांबला तर थांबू दे.

दुसरं, या कामात डोकंही लागतं. शेवटच्या मजल्यावरचे लोक बोलावतात, नवा महागडा शॉवर लावलाय, पाणी नुसतं ठिबकतं. शॉवर बदलून उपयोग नसतो. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ एक किलो दाब. टाकी शॉवरच्या दोन मीटरच वर असेल तर दाब मिळणार ०.२ किलो. हे गिऱ्हाइकाला हातानं दाखवून समजावून सांगता आलं की तो दाब वाढवणाऱ्या पंपाचा खर्च आनंदानं करतो.

एकदा एका आजोबांनी बाथरूम फोडायला बोलावलं. दोन महिने मुलाकडे राहून आले होते, घरात गटाराचा वास. बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात पाणी साठून राहतं, तेच खालचा वास अडवतं. घर बंद राहिलं की ते उडून जातं. मी एक बादली पाणी ओतलं आणि पैसे न घेता निघालो. त्यांच्या सोसायटीचं काम आज १२ वर्षं माझ्याकडे आहे. (नहाणी ट्रॅप म्हणजे आपल्या न्हाणीचाच. हा आपला शब्द सगळ्या देशातले प्लंबर वापरतात, याचा मला फार अभिमान आहे.)

पैशाचं म्हणशील तर रोजंदारीवर राहिलास तर वाढ हळू होते. अख्ख्या बाथरूमच्या किंवा पॉइंटच्या (एकेका नळजोडाच्या) दरानं काम घ्यायला लागलास, सोसायट्यांचे वर्षाचे करार धरलेस, पंप, सोलर, पावसाचं पाणी साठवणं हे शिकलास की चित्र बदलतं. दुकानदार मालावर टक्केवारी देऊ करतील. मी ती घेणं बंद केलं आणि गिऱ्हाइकाला बिल थेट दाखवतो. मजुरी मात्र पूर्ण मागतो.

सेप्टिक टँकमध्ये कधीही उतरू नकोस, कोणी कितीही पैसे देवोत. आतल्या वायूनं माणूस दोन श्वासांत पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही मरतो. एवढं लक्षात ठेवच. आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर भरले की राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून घे.

या रविवारी मामांना सांग, प्लास्टर व्हायच्या आधीचं एखादं बाथरूम दाखवा. कुठला पाइप कुठून आला, कुठे गेला, संडासाच्या चार इंची पाइपाला मीटरमागे दीड-दोन सेंटीमीटर उतार आहे का, हे बघून वहीत काढ आणि मामांपुढे ठेव. अडलं तर इथेच खाली विचार, मी रात्री नऊनंतर वाचतो.