व्यसनमुक्तीच्या संशोधनासाठी सरकारी निधी

प्रश्न : मी नागपुरात समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. नशामुक्तीच्या फेऱ्या, फलक आणि शपथा यांवर शासनाचा खर्च दिसतो. परंतु केंद्रातून घरी परतलेला रुग्ण पुन्हा नशेकडे का वळतो, हे शोधण्यासाठी सरकारी निधी मिळतो का? तो कोणाकडे मागावा?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : निधी मिळतो, मात्र तो दोन मंत्रालयांत विभागलेला आहे. व्यसनाधीन व्यक्तींचे उपचार, पुनर्वसन आणि जनजागृती हे विषय केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहेत, तर वैद्यकीय संशोधनाची अनुदाने मुख्यतः आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, देते. शिवाय एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, कलम ७-क नुसार एक राष्ट्रीय निधी आहे, ज्यात तस्करांच्या जप्त मालमत्तेच्या विक्रीची रक्कमही जमा होते. त्याच्या उद्दिष्टांत उपचार, प्रतिबंध आणि लोकशिक्षण आहे, संशोधनाचा स्वतंत्र उल्लेख नाही.

सामाजिक न्याय मंत्रालयाने संशोधनाला पैसा दिलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले राष्ट्रीय सर्वेक्षण त्याच मंत्रालयाच्या निधीतून दिल्लीच्या एम्सच्या व्यसन उपचार केंद्राने केले. १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थ घेतात, हे त्यातून कळले. पण ते अंदाज राज्यनिहाय आहेत. नागपूर जिल्ह्यापुरते उत्तर त्यात शोधू नये. आपला प्रश्न तर याहून वेगळा आहे, कारण किती जण नशा करतात हे एकदा मोजून कळते, तर उपचार टिकला की नाही हे पाहण्यासाठी त्याच माणसाकडे सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा जावे लागते. अनुदानित पुनर्वसन केंद्रांचा खर्च १५, ३० किंवा ५० खाटांच्या हिशेबाने मंजूर होतो; खाट रिकामी झाल्यानंतरच्या काळाचा हिशेब मागणारे फारसे कोणी नसते, आणि माझ्या मते खरी उणीव तिथेच आहे.

हे काम औषध कंपन्यांवर सोपवता येत नाही. अफूजन्य व्यसनावरील ब्युप्रेनॉर्फिन या औषधाला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली, तीही अमली पदार्थांवर संशोधन करणारी तेथील सरकारी संस्था ‘नायडा’ हिने संशोधनाचा मोठा भार उचलल्यामुळे. या रुग्णवर्गात कंपन्यांना फारसा नफा दिसत नव्हता. समुपदेशनाचे किंवा कुटुंबभेटीचे तर पेटंटही घेता येत नाही.

आता आपल्यापुरते. आयसीएमआरचे प्रकल्प-अनुदान सहसा संस्थेत नियमित सेवेत असलेल्या संशोधकालाच मिळते, त्यामुळे विद्यार्थी म्हणून थेट अर्ज करण्यापेक्षा नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) किंवा मिहानमधील एम्सच्या मनोविकारशास्त्र विभागातील प्राध्यापकांशी बोलून त्यांच्या प्रकल्पात सहसंशोधक किंवा सहायक म्हणून सहभागी होता येईल का, हे विचारावे. माहिती गोळा करण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी आणि रुग्णांची लेखी संमती व गोपनीयता कशी राखणार, हे प्रस्तावात लिहावे. अंदाजपत्रकात रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी प्रवास व दूरध्वनीचा खर्च आणि घरभेटीला जाणाऱ्या कार्यकर्त्याचे मानधन स्वतंत्रपणे मांडावे. रुग्ण पत्ता बदलतात, फोन बंद ठेवतात, आणि हीच तरतूद नसली की वर्षाअखेरीस हाती फक्त पहिल्या भेटीची माहिती उरते.