प्लास्टिकला चुंबक चिकटत नाही, मग मुलीच्या प्रकल्पातून काय निघणार?

आपल्या पत्रावरून कळते की आपली मुलगी रसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, चुंबकीय क्षेत्रात पॉलिॲनिलीन या वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचे थर वाढवण्याच्या प्रकल्पात ती रमली आहे आणि पुढेही तेच शिकू इच्छिते. आपण मात्र तिला न विचारता डेटा ॲनालिटिक्सच्या अभ्यासक्रमात तिचे नाव नोंदवले आहे. तिच्या गुणांपेक्षा मला या नोंदणीचीच अधिक काळजी वाटते. प्राध्यापकांनी सांगितलेले नसतानाही ती चुंबक काढून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करत बसते, असे आपण तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. ज्याला आपण वेळेचा अपव्यय म्हणता, ती संशोधनाची उपजत जाण आहे, आणि ती शिकवून सहसा येत नाही.

शीर्षकातील प्रश्न आपलाच आहे आणि तो गैरसमजावर उभा आहे. थर तयार होताना आम्लयुक्त द्रावणातून विद्युतप्रवाह वाहत असतो, आणि चुंबकीय क्षेत्र त्या प्रवाहाला लंब असेल तर द्रावणातील आयनांवरील, म्हणजे विद्युतभारित कणांवरील, लॉरेंट्झ बल (चुंबकीय क्षेत्र वाहत्या विद्युतभाराला बाजूला ढकलते ते बल) सर्वाधिक असते. त्यामुळे इलेक्ट्रोडलगतचे द्रावण ढवळले जाते, ॲनिलीन (ज्याचे रेणू साखळीने जोडले जाऊन थर बनतो) पृष्ठभागाशी पोहोचण्याचा आणि अर्धवट वाढलेल्या साखळ्या वाहून जाण्याचा वेग बदलतो, आणि परिणामी थराची जाडी, घडण व वाहकताही बदलू शकते. चुंबक रेणूंना ओढून रांगेत बसवतो, असे मात्र मुलीनेही घाईने लिहू नये. १ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रात एका इलेक्ट्रॉनच्या फिरकीला मिळणारी चुंबकीय ऊर्जा ही सामान्य तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या सुमारे ४५०व्या भागाइतकीच असते.

विद्युतवाहक पॉलिमरच्या, म्हणजे पॉलिॲनिलीनसारख्या वीज वाहणाऱ्या प्लास्टिकच्या, शोधाला २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या कामातून हाती येणारे विद्युतरसायनाचे कौशल्य बॅटरी, संवेदक आणि गंजरोधक लेप या क्षेत्रांतही उपयोगी पडते, त्यामुळे तिला आयुष्यभर चुंबकच हाताळावे लागतील असे नाही. पदव्युत्तर प्रवेश परीक्षांची तयारी तिने आतापासून सुरू करावी, एवढे पुरे.

ती नोंदणी तूर्त थांबवावी आणि पुढचे पत्र तिला स्वतःला लिहू द्यावे. चुंबक असताना आणि नसताना तिने इलेक्ट्रोडवरून सारखाच विद्युतभार जाऊ दिला होता का, आणि क्षेत्र प्रवाहाला समांतर ठेवल्यावर फरक कमी होतो का, हे तिने त्यात कळवावे. त्या उत्तरांवरून तिच्या पुढच्या शिक्षणाविषयी मी तिच्याशीच बोलेन.