हार्ड डिस्क मध्येच गायब होते? आधी केबल बघा

फॉरमॅट करायची घाई करू नका. कॉपी चालू असताना एक्स्टर्नल डिस्क गायब झाली, की पहिला संशय केबलवर आणि अपुऱ्या विजेवर घ्यायचा. २.५ इंची डिस्क सगळी वीज यूएसबीतूनच ओढते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० चा ९००. त्यात कॅबिनेटचा पुढचा पोर्ट आणि लांबलचक स्वस्त केबल, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! आखूड केबल घ्या, थेट मागच्या पोर्टला लावा. बिनअडॅप्टरचा हब तर नकोच.

तरीही तेच रडगाणं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्याच्या वर दिसला, तर डिस्कला काही सेक्टर वाचता येत नाहीयेत. अशा वेळी लोक लगेच चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल, चालवतात. मला ते पटत नाही. मरणासन्न डिस्कवर तो ताण जीवघेणा ठरू शकतो. आधी महत्त्वाचा डेटा दुसरीकडे उतरवा, बाकी सगळं नंतर.

आणि फक्त मोठे व्हिडिओच सेव्ह होत नसतील तर डिस्क बहुधा ठणठणीत आहे. डिस्क फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल, तर तिच्यात ४ जीबीची फाइल मावत नाही. डेटा काढून घ्या, मग डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.