८४ ÷ □ = ७ च्या चौकटीत मूल ५८८ का लिहितं?

तुमची तिसरीतली मुलगी □ ÷ ७ = १२ बरोबर सोडवते, पण ८४ ÷ □ = ७ ला ५८८ लिहिते; म्हणून पाढे अजून घोटून घ्यावेत का, असं विचारलंय. पाढ्यांचा काय दोष? ८४ × ७ तिनं चोख केलंय! दोष 'बरोबरच्या पलीकडे नेलं की भागाकाराचा गुणाकार होतो' या मंत्राचा. तो फक्त भाज्य हरवलेला असतानाच लागू पडतो. इथे भाजक हरवलाय. लहान मुलांना हा मंत्र देऊच नये, या मतावरून मी कित्येकांशी भांडलोय आणि अजूनही भांडेन.

त्याऐवजी तिला एवढंच विचारा: तिघांत मोठी संख्या कुठे बसते? गुणाकारात बरोबरच्या पुढे, भागाकारात सगळ्यात आधी. चौकट त्या जागी असेल तर उरलेल्या दोघींचा गुणाकार. नसेल तर मोठीला दिसणाऱ्या लहानीनं भागायचं. इथे ८४ समोरच आहे. बारा साती चौऱ्याऐंशी, चौकटीत १२. तरी ५८८ आलंच, तर ८४ चिंचोके ५८८ जणांत वाटायला सांगा. प्रत्येकाला एकसुद्धा पुरत नाही, हे तिचं तीच म्हणेल.

२४ चिंचोके सहा-सहाच्या चार ओळींत मांडा. त्यावरून ४ × ६, ६ × ४, २४ ÷ ४, २४ ÷ ६ लिहून घ्या आणि दर वेळी वेगळा आकडा बोटानं झाका. सरावाच्या पानावर दहाही गणितांत चौकट एकाच जागी असेल, तर तिसऱ्या गणितापासून मूल विचार करणं सोडतं.

संख्येतला एखादा अंकच हरवला असेल तर नुसतं चौकटीपुरतं बघून चालत नाही. ३□ × ४ = १४८ मध्ये एककस्थानी ८ यायला २ चालतो, ७ही चालतो. मुलं २ लिहून मोकळी होतात; पण ३२ × ४ = १२८, म्हणून ७.

हो, बाकी राहिलं. वरचं सगळं निःशेष भागाकारापुरतं. ३८ ÷ □ = ७, बाकी ३ असेल तर आधी ३ वजा करा, मग ३५ ÷ ७ = ५. भाजक बाकीपेक्षा मोठा आहे ना, तेही बघा. आणि □ × ० = ० असलं गणित देऊ नका, चौकटीत काहीही चालतं.

पाढे घोटायचेच असतील तर उलटे घोटा: 'छप्पन्न म्हणजे सात किती?'