केमिस्ट्री नकोशी वाटते, मग नर्सिंगचा विचार सोडायचा का?

प्रश्न: माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. बायोलॉजी आवडीने करते, पण केमिस्ट्रीचं पुस्तक उघडायलाही नको म्हणते. घटक चाचणीत २५ पैकी ७ मिळाले. तिला नर्स व्हायचंय. मागच्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांच्या पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग सहा महिने तिनेच केलं. तिचे मामा म्हणतात, केमिस्ट्री येत नाही तर नर्सिंगमध्ये टिकायची नाही, आत्ताच आर्ट्सला घाला. मी अंगणवाडी सेविका आहे, मला यातलं काही कळत नाही. काय करावं? (एक आई, बार्शी तालुका)

ताई, नमस्कार.

‘मला यातलं काही कळत नाही’ हे वाक्य आधी खोडून टाका. जुलाब लागलेल्या लेकराच्या आईला ओआरएसचं पाकीट देताना तुम्ही काय बजावता? अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात घाल, ग्लासात नको. त्या २०.५ ग्रॅमच्या पाकिटात २.६ ग्रॅम आपलं साधं मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि बाकी पोटॅशियम क्लोराइड नि सायट्रेट असतं. ग्लुकोज तिथे चवीसाठी घातलेलं नाही. आतड्यातून आत शिरताना ते सोडियमला सोबत नेतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. तेच पाकीट ग्लासभर पाण्यात रिकामं केलं तर लेकराच्या रक्तातलं सोडियम भलतंच वाढू शकतं. मुलीच्या पुस्तकात याला कॉन्सन्ट्रेशन म्हणतात. तुम्ही ते वर्षानुवर्षं शिकवताय, फक्त परीक्षा दिली नाहीत.

नर्सला जन्मभर लागणारी केमिस्ट्री बरीचशी याच जातीची. मी आधी वॉर्डात आणि नंतर नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात बरीच वर्षं काढली. बेन्झीनची रिॲक्शन आठवेना म्हणून ड्यूटीवर अडलेली सिस्टर मला अजून भेटलेली नाही. युनिट आणि एमएलच्या घोळात सापडलेली मात्र चांगली ओळखीची आहे, कारण ती मीच. शिकत असतानाची गोष्ट. पेशंटला इन्सुलिन २० युनिट द्यायचं होतं. बाटली होती एका एमएलमध्ये १०० युनिटवाली आणि माझ्या हातात सिरिंज लाल टोपणाची, म्हणजे ४० युनिटच्या बाटलीसाठीची. मी इमानदारीत २० च्या रेघेपर्यंत भरलं. त्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा एमएल. त्या बाटलीतला अर्धा एमएल म्हणजे ५० युनिट. शेजारच्या स्टाफ सिस्टरने मनगट धरलं म्हणून निभावलं. बारावीला केमिस्ट्रीत मला बरे मार्क होते, हेही सांगून ठेवते.

म्हणून मुलीला केमिस्ट्री नावडते, एवढ्यावरून मी काहीच ठरवणार नाही. नेमकं काय नावडतं ते विचारा. ऑर्गॅनिकची नावं, पाठांतर, क्लासमधला वेग याचा कंटाळा असेल तर तो मनावर घेऊ नका. पण आकडा आणि एकक दिसलं की ती अंदाजपंचे उत्तर ठोकून मोकळी होत असेल, तर ते आत्ताच हाती घ्या. त्यावर इलाज आहे आणि तो फार अवघडही नाही.

आता मामांचं. त्यांचं अर्धं खरं आहे: बी.एस्सी. नर्सिंगच्या दारावर केमिस्ट्री उभी आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय लागतात, खुल्या गटाला एकत्रित ४५ टक्के लागतात, आणि सीईटीतही केमिस्ट्रीचे प्रश्न असतात. पण ‘एकत्रित’ हा शब्द नीट वाचा. केमिस्ट्रीत उत्तीर्ण व्हावंच लागेल, मात्र तिथे कमी पडलेले मार्क बायोलॉजी भरून काढू शकते. शिवाय बोर्डाच्या १०० पैकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे आहेत. जर्नल वेळेवर पूर्ण करणाऱ्या मुलीला ते सहसा दगा देत नाहीत.

आत गेल्यावर चार वर्षांत काय? दुसऱ्या सेमिस्टरला अप्लाइड बायोकेमिस्ट्री असते, ४० तासांची. रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, आम्ल-अल्कलीचा तोल, लिव्हर-किडनीच्या तपासण्या, असं सगळं पेशंटच्या रिपोर्टवर दिसणारं. खरा कस पुढच्या दोन सेमिस्टरमधल्या फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधांच्या अभ्यासात लागतो. तिथे मुलींना औषधं आठवतात, पण कशात काय मिसळायचं नाही हे विसरतात. सेफ्ट्रायॲक्सोन हे अँटिबायोटिक आणि रिंगर लॅक्टेट नावाचं सलाइन एकाच नळीतून गेले की सलाइनमधल्या कॅल्शियमशी औषधाचा साका बनू शकतो. अकरावीत प्रेसिपिटेट या नावाने जांभया देत पाहिलेला हाच तो. नळीत तो दिसला की कुणाला जांभई येत नाही.

आर्ट्सला घालायची मात्र घाई करू नका. आर्ट्स केलं तरी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि एएनएम (सहाय्यक नर्स-प्रसूतिसेविकेचा कोर्स) उघडे राहतात, हे खरं. तुमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर बहुधा एएनएमच असतील, त्यांच्याशी एकदा बोला. जीएनएम तीन वर्षांचं, त्यानंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, म्हणजे पदवी हातात पडायला एक वर्ष जास्त. वाईट मार्ग नाही, माझ्या कितीतरी चांगल्या सहकारी त्याच वाटेने आल्या. पण सायन्समध्ये राहिली तर तिन्ही दारं उघडी राहतात आणि आर्ट्सला गेली की बी.एस्सी.चं बंद होतं. अकरावीच्या एका चाचणीवर मी तरी ते बंद करणार नाही. आणि तालुक्याच्या ठिकाणी ‘एका वर्षात नर्स व्हा’ असे बोर्ड लागलेले असतात, तिकडे फिरकूही नका. त्या कागदावर नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही.

अभ्यासाचं थोडक्यात. सगळं पुस्तक एकदम नको. अकरावीतलं ‘मोल’चं (पदार्थाचे कण मोजायच्या एककाचं) प्रकरण तिला कुणाकडून तरी शांतपणे, पहिल्यापासून समजावून घेऊ दे. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. बारावीला द्रावणं, आयनिक समतोल आणि बायोमॉलिक्युल्स ही प्रकरणं तिने स्वतःची म्हणून करावीत, तीच पुढे कॉलेजात भेटणार आहेत. बाकीचं पास होण्यापुरतं केलं तरी माझी हरकत नाही. केमिस्ट्रीचे सर हे वाचून रागावतील, रागावू देत.

ड्रेसिंगबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मी ती दोनदा वाचली. शय्याव्रणाचा वास, रोजची ओली पट्टी, आजीचं कण्हणं हे सहा महिने सोसणारी मुलगी कोणत्या मातीची आहे ते कळलं. मार्कशीटवर त्याला रकाना नसतो.

आज रात्री तिला एवढं गणित घाला. ५०० एमएल सलाइन चार तासांत संपवायचं आहे, नळीतून एका एमएलचे २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब सोडायचे? उत्तर ४२ च्या आसपास यायला हवं. चुकलं तरी चालेल. पण ४०० आलं आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, तर मिनिटाला ४०० थेंब मोजता तरी येतील का, एवढंच विचारा आणि गप्प बसा. तिने जे काही खोडून-गिरवून लिहिलं असेल तो कागद पुढच्या पत्रासोबत पाठवा. त्यावरून कुठे अडतंय ते मला जास्त नीट सांगता येईल.